उस्तादांचे पार्श्वसंगीत करू नका

शास्त्रीय संगीत ऐकणे हराम आहे असे मानणारे लोक आपल्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांच्याशी हुज्जत घालण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. माझी तक्रार दुसऱ्या मंडळींविषयी आहे. ही मंडळी शिकलेली आहेत, पुरोगामी आहेत आणि आपल्याला शास्त्रीय संगीत आवडते असे चारचौघांत अभिमानाने सांगतात. त्यांच्या घरी सकाळी बासरी वाजते, संध्याकाळी संतूर वाजते, रात्री झोपताना सरोद वाजते. फक्त ते ऐकत कोणी नाही. फोडणी चालू असते, टी.व्ही. चालू असतो, मोबाईलवर बोलणे चालू असते आणि या सगळ्याच्या मागे कुणा कलावंताची चाळीस वर्षांची मेहनत हलक्या आवाजात वाहत असते. विचारले तर उत्तर मिळते, "काही नाही हो, तेवढेच रिलॅक्स वाटते."

मी माजिवड्यात राहते. घोडबंदर रस्ता आणि पूर्व द्रुतगती महामार्ग जिथे एकमेकांना मिळतात, तिथली ही वस्ती. जुन्या माजिवडे गावाच्या भोवती गेल्या काही वर्षांत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या लिफ्टमध्ये राग वाजतात, दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये राग वाजतात, योगवर्गात वाजतात आणि वाढदिवसाच्या हॉलमध्ये पाहुणे जेवत असताना वाजतात. यमन रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दरबारी त्याहून उशिराचा. पण इथे भर दुपारी बारा वाजता दरबारी चालू असतो आणि खाली कोणी तरी भाजीचा भाव करीत असते. मोबाईलवर पाहावे तर या संगीताची यादी तयार मिळते. झोपेसाठी, अभ्यासासाठी, ध्यानासाठी, गर्भसंस्कारासाठी, कामाच्या ताणासाठी. जणू औषधाचे दुकानच! बऱ्याच ठिकाणी रागाचे नाव नसते, तबला कोणी वाजवला ते नसते, कधी कधी मुख्य वादकाचेही नाव नसते. सूर्योदयाचे एक चित्र असते आणि त्यावर "मनःशांती" असे लिहिलेले असते.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला आम्हाला भाषेची चार कौशल्ये शिकवतात: श्रवण, भाषण, वाचन आणि लेखन. श्रवण पहिले आहे ते उगीच नाही. जे मूल ऐकायला शिकत नाही ते पुढची तिन्ही कौशल्ये अर्धवटच शिकते, हा माझा वर्गातला रोजचा अनुभव आहे. कानावर पडणे आणि ऐकणे यांत फरक आहे. कानावर पावसाचाही आवाज पडतो, मिक्सरचाही पडतो. ऐकणे म्हणजे आपण होऊन लक्ष देणे, मागचा सूर ध्यानात ठेवून पुढच्या सुराची वाट पाहणे. मराठीत "कानामागे टाकणे" असा एक नेमका वाक्प्रचार आहे. पार्श्वसंगीत म्हणजे दुसरे काय? कानामागे टाकलेले संगीतच ते.

आता कोणी म्हणेल, पार्श्वसंगीत ही जगभरची रीत आहे, त्यात वाईट काय? म्हणून थोडा इतिहास पाहू. फ्रान्समध्ये एरिक साती नावाच्या संगीतकाराने १९१७ च्या सुमारास "फर्निचर संगीत" अशी कल्पना मांडली. खुर्ची-टेबल जसे खोलीत असते तसे संगीत असावे, त्याकडे कोणी लक्ष देऊ नये. १९२० साली पॅरिसमध्ये तसा प्रयोग झाला, तेव्हा लोक सवयीने गप्प बसून ऐकू लागले आणि बिचाऱ्या सातीला "बोला, फिरा, ऐकू नका" असे सांगत हिंडावे लागले. पुढे अमेरिकेत १९३४ मध्ये म्यूझॅक नावाची कंपनी निघाली. तिने कारखान्यांत आणि कचेऱ्यांत असे संगीत पुरवले की कामगाराने ते ऐकू नये, पण त्याचा हात मात्र मंदावू नये. १९७८ मध्ये ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने विमानतळासाठी म्हणून एक तबकडी काढली. या सर्वांचा हेतू उघड होता. त्यांनी मागे वाजण्यासाठीच संगीत बनवले आणि तसे सांगितले. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

ख्याल मात्र या कामासाठी बनलेला नाही. ख्यालाची सारी रचनाच ऐकणाऱ्यावर विसंबून आहे. गायक आलापीने एकेक सूर उघडत जातो. ऐकणाऱ्याच्या मनात रागाचे रूप तयार होते, तेव्हाच पुढे एखादी अनपेक्षित जागा घेतली की त्याच्या तोंडून "वाह" निघते. समेकडे येणारी तान मोजणारा कोणी नसेल, तर ती समेवर आली काय आणि न आली काय, सारखेच. दाद हा मैफलीचा शिष्टाचार आहेच, पण गायकाला पुढची वाट दाखवणारी ती खूणही आहे. पार्श्वसंगीताला नेमके हेच नको असते. त्याला अचानक काही नको, जोरकस तान नको, लयीचा झगडा नको, शब्द तर मुळीच नकोत. म्हणून पहिल्यांदा गाणे जाते आणि वाद्य राहते. मग वाद्यातला द्रुत भाग जातो आणि फक्त आलाप उरतो. शेवटी आलापातलाही विचार जातो आणि एक गोड गुंजन उरते. स्पॉटिफायसारख्या सेवेत तीस सेकंद वाजले की एक वेळ ऐकले असे धरतात. तीस सेकंदांत तानपुऱ्याशी गळ्याची नीट ओळखसुद्धा होत नाही!

आवाज गेला की नाव जाते आणि आपल्या दृष्टीने खरे नुकसान तिथे आहे. महाराष्ट्रात आज जे गाणे अभिमानाचे मानले जाते, त्याच्या मुळाशी कोण होते? कैरान्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेचे झाले. त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. दक्षिणेच्या प्रवासात खाँसाहेबांचे निधन झाले आणि मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना दफन केले. तिथे त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी होणाऱ्या संगीत सभेला हिंदू-मुसलमान दोघेही येतात. उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारात होते. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडेच घडल्या. रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारले. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ उत्तरेतून मुंबईत आले आणि त्यांच्या गायकीला चक्क आपल्या भेंडीबाजाराचे नाव मिळाले. आणि मिरजेत सतार-तानपुरे बनवणारी मुसलमान घराणी? ती मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी पंढरपूरकडच्या भोपळ्यांतून तानपुरा उभा केला आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या ठाण्याचेच घ्या. इथे महापालिकेतर्फे संगीतभूषण पं. राम मराठे यांच्या नावाने संगीत समारोह होत आला आहे. राम मराठे (१९२४–१९८९) ज्यांच्याकडे शिकले त्यांत आग्रा घराण्याचे उस्ताद विलायत हुसेन खाँ होते. माजिवड्यावरून पुढे जाणारा रस्ता आजही जुन्या लोकांच्या तोंडी मुंबई-आग्रा रोडच आहे. त्या आग्र्याची गायकी विलायत हुसेन खाँसाहेबांनी मुंबईत येऊन मराठी मुलांना तासन् तास समोर बसवून दिली. शागीर्द आजही उस्तादाचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. आपण काय करतो? कोणी "तुमच्या समाजाने या देशाला काय दिले?" असे विचारले की बिस्मिल्ला खाँसाहेबांचा फोटो पुढे करतो. फोटो पुढे करायचा आणि शहनाई मागे वाजवायची, याला काय म्हणावे?

बिस्मिल्ला खाँसाहेबांचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. शहनाई हे मुळात नौबतखान्यातले आणि लग्नाच्या दारातले वाद्य. लोक जेवत, भेटत, आहेर करत आणि शहनाईवाला बाहेर बसून वाजवत राही. त्याच्याकडे मान वळवून पाहण्याची पद्धत नव्हती. बिस्मिल्ला खाँ (१९१६–२००६) यांनी १९३७ मध्ये कलकत्त्याच्या संगीत परिषदेत तीच शहनाई मैफलीत आणली. १९४७ मध्ये स्वातंत्र्याच्या वेळी ती लाल किल्ल्यावर वाजली आणि २००१ मध्ये तिला भारतरत्न मिळाले. संतूर काश्मीरच्या सूफियाना मौसिकीत गाण्याला साथ करणारे. शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी १९५५ पासून टीका सोसून, वाद्यात बदल करून त्याला स्वतंत्र मैफलीचा मान मिळवून दिला. बासरीला तो मान पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांच्यामुळे मिळाला. म्हणजे आज "रिलॅक्सिंग" म्हणून सर्वांत जास्त वाजणारी ही तीन वाद्ये दारातून, साथीतून आणि लोकसंगीतातून मैफलीच्या मध्यभागी आली होती. त्यासाठी माणसांची आयुष्ये खर्ची पडली. आपण त्यांना पुन्हा दाराबाहेर नेऊन बसवले आहे, आणि वर त्याला संगीतप्रेम म्हणतो.

काही आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप बायकांकडून येतो आणि तो खरा आहे. नोकरी करून, लोकल पकडून, स्वयंपाक करून बाईला बसून ऐकायला वेळ कुठला? मी स्वतः नोकरी करते, चूल सांभाळते, म्हणून या प्रश्नाचा मला राग येत नाही. पोळ्या लाटताना रेडिओवरची गाणी लागलेली असावीत, त्याला माझी मुळीच हरकत नाही. ती गाणी सोबत करण्यासाठीच आहेत. आपल्या आजी-पणजी जात्यावर ओव्या म्हणत, तेही काम करतानाच. पण तिथे दळणारी स्वतः गात होती. ते तिचे स्वतःचे बोलणे होते, मागे वाजणारे काही नव्हते. वेळ नसणे हे न ऐकण्याचे कारण जरूर आहे. पण न ऐकता लावून ठेवल्याने तो वेळ मिळत नाही.

दुसरा आक्षेप आजारपणाचा. शस्त्रक्रियेपूर्वी हळू संगीत लावले तर रुग्णाची भीती कमी होते असे अभ्यासांत दिसले आहे. रुग्णाच्या उशाशी कोणी बासरी लावली तर मी कशाला आड येऊ? तो रुग्ण बहुधा ती खरोखर ऐकत असतो, कारण त्याला दुसरे काही करता येत नसते. मात्र अमुक रागाने रक्तदाब उतरतो आणि तमुक रागाने साखर, असे तक्ते छापणाऱ्यांपासून जपून राहावे. राग म्हणजे गोळी नव्हे.

तिसरा आक्षेप पालकांचा. "बाई, अभ्यासाच्या वेळी मागे शास्त्रीय संगीत लावले तर मुले हुशार होतात ना?" ही समजूत कुठून आली ते सांगते. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकवले. आकृत्यांच्या एका प्रकारच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. एवढेच! लहान मुलांवर तो प्रयोग झालाच नव्हता. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नराने प्रत्येक नवजात बाळाला अशी तबकडी देण्यासाठी सरकारी पैसे मागितले आणि जगभर धंदा सुरू झाला. शिवाय एक गोष्ट विसरली जाते. ते विद्यार्थी आधी ऐकत होते आणि मग चाचणी देत होते. ऐकता ऐकता अभ्यास करीत नव्हते. शब्द असलेला आवाज मागे चालू असेल तर पाठांतराला अडथळा होतो, हे प्रयोगांत अनेकदा दिसले आहे. मुलाला अभ्यासाच्या वेळी शांतता द्या आणि संगीताच्या वेळी संगीत. दोन्ही एकत्र दिलेत तर त्याला एकही मिळणार नाही.

आता आपल्या घराकडे वळू. समाअ म्हणजेच ऐकणे. मौसिकी जायज की नाजायज यावर उलेमांत पूर्वीपासून मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करणे हे माझे काम नाही. पण ज्यांनी समाअला परवानगी दिली त्यांनीही ती कशी दिली ते पाहा. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) "इह्या"मध्ये समाअचे अदब सांगताना वेळ, जागा आणि सोबतीची माणसे या तिन्हींचा विचार करायला सांगितले आहे. हजरत निजामुद्दीन औलियांनी (मृत्यू १३२५) ज्या अटी घातल्या त्यांत गाणारा कसा असावा, काय गायले जावे हे आहेच. पण ऐकणारा कसा असावा, हीसुद्धा अट आहे. गाणारा उत्तम आहे आणि ऐकणाऱ्याचे चित्त ठिकाणावर नाही, तर ती समाअ नव्हे. ज्यांनी मनाई केली त्यांनीही संगीतात ताकद आहे हे जाणूनच मनाई केली. परवानगी देणारे आणि मनाई करणारे, दोघांनीही संगीताला गांभीर्याने घेतले. त्याला पडद्यासारखे, गालिच्यासारखे वापरणारे आपणच पहिले.

ही सवय संगीतापुरती थांबत नाही, म्हणून मला तिची भीती वाटते. दुकानात तिलावत लावलेली असते आणि त्याच वेळी गिऱ्हाईकाशी घासाघीस, नोकरावर ओरडा सगळे चालू असते. तिलावत आणि ख्याल मी एका तागडीत तोलत नाही. कोणीही तसा अर्थ काढू नये. पण सूरह अल-आराफच्या २०४ व्या आयतीत कुरआन वाचले जात असताना लक्ष देऊन ऐकण्याचा आणि गप्प राहण्याचा हुकूम आहे, हे आपण मुलांना शिकवतो ना? मग मुले दुकानात काय पाहतात? ज्याला काहीच नीट ऐकण्याची सवय नाही, तो अल्लाहचे कलामही मागे लावून ठेवतो. कानाची बेअदबी एका जागी शिकली की ती सगळीकडे पसरते. आईचे बोलणे, शेजाऱ्याचे दुःख, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न, हे सारे मग पार्श्वसंगीत होऊन जाते.

यावर माजिवड्यातले लोक मला म्हणतील की बाहेर इतका गोंगाट आहे, तो झाकायला काहीतरी नको का? हे दुखणे मात्र खरे आहे. रात्रभर घोडबंदर रोडला ट्रक चालतात. उड्डाणपुलावरचे हॉर्न खिडकी बंद केली तरी घरात येतात. मेट्रोच्या कामाने वर्षानुवर्षे कान किटले. पण आवाजावर आवाजाचे पांघरूण घालून शांतता मिळत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत लिहिलेली आहे. ती पाळली जावी म्हणून सोसायट्यांनी एकत्र येऊन अर्ज करावेत, नगरसेवकाला विचारावे, पोलिसांकडे जावे. मंदिर, मशीद, मिरवणूक, वरात, डी.जे., सर्वांना एकच नियम लावा असे आपणही ठणकावून सांगावे आणि आधी आपल्या दारापासून सुरुवात करावी. नागरिकाने जी लढाई लढायची ती टाळून बासरीला पुढे करणे म्हणजे कलावंताला कापसाच्या बोळ्याचे काम देणे होय.

तर करायचे काय? फार मोठे काही नाही. दिवसभर लावून ठेवता ते बंद करा. आठवड्यातून एकदा, जुम्याच्या संध्याकाळी म्हणा किंवा रविवारी सकाळी म्हणा, वीस मिनिटे काढा. टी.व्ही. बंद, मोबाईल दूर. एक राग, एक कलावंत. आधी मुलांना नाव सांगा: हे कोण, कुठले, कोणाचे शागीर्द. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या तर तीन-तीन मिनिटांच्याच आहेत. त्या आज मोबाईलवर सहज मिळतात. तीन मिनिटे शांत बसणे कोणत्या घराला जमणार नाही? नंतर मुलांना विचारा, काय ऐकले? "काही कळले नाही" म्हणाले तरी चालेल. कळण्याची सुरुवात तिथूनच होते. उर्दू शाळांच्या सहली दर वर्षी निघतात. एखादी मिरजेला न्या. दर्गा दाखवा, तानपुरा कसा घडतो ते दाखवा. ठाण्यातल्या मैफलींत आपली दहा माणसे पुढच्या रांगेत बसलेली दिसू द्या.

आणि ज्यांना संगीत मुळातच मान्य नाही त्यांनी ते लावू नये. त्यांचा मी आदर करते. निदान ते उस्तादांचा अपमान करीत नाहीत.